तमालपत्रावर कोणतं क्रियापद लिहायचं?

मसाल्याच्या डब्यातून एक तमालपत्र काढा. त्यावर पेनाने आपली इच्छा लिहा. डोळे मिटून ती पूर्ण झाल्याचं चित्र मनात आणा. मग पान पेटवा आणि राख खिडकीतून फुंकून द्या. पौर्णिमा किंवा अमावास्या असेल तर उत्तम. हे रील तुमच्या फोनवर अजून आलं नसेल, तर तुमचा अल्गोरिदम माझ्या अल्गोरिदमपेक्षा बरा आहे असं समजा.

या रीलखाली बहुतेक वेळा ‘प्राचीन विधी’ असं लिहिलेलं असतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे कोडमध्ये एखादी विचित्र ओळ सापडली आणि कुणी म्हणालं, ‘ही पहिल्यापासून अशीच आहे’, की आम्ही त्या ओळीचा इतिहास उघडतो. कुणी लिहिली, कधी लिहिली आणि तेव्हा तिचं काम काय होतं? यासाठी ‘गिट ब्लेम’ नावाची कमांडच आहे. तमालपत्राच्या बाबतीत मी तेच करायचं ठरवलं.

आधी जवळच्या तारखा

१९८५ साली स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकी लेखकाचा जादुई वनस्पतींचा एक कोश प्रसिद्ध झाला. कनिंगहॅम हा विक्का या पंथाचा. हा पंथ स्वतःला जुना म्हणवत असला, तरी त्याने आकार घेतला विसाव्या शतकात. या कोशात या पानाच्या नोंदीत इच्छा पानावर लिहून ते जाळण्याची कृती आहे. आजच्या रीलमधली कृती जवळजवळ तीच.

डोळे मिटून चित्र पाहण्याचा भाग दुसऱ्या ओढ्यातून आला. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत ‘न्यू थॉट’ नावाची विचारधारा होती. मनात जे पक्कं धराल ते प्रत्यक्षात येतं, हे तिचं सूत्र. नेपोलियन हिलचं ‘थिंक अँड ग्रो रिच’ (१९३७) आणि ऱ्हॉन्डा बर्नचं ‘द सीक्रेट’ (२००६) ही त्याच घराण्यातली पुस्तकं. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैमध्ये इन्स्टाग्रामने रील्स आणले. तेव्हा आपण सगळे घरात बंद होतो. पुढच्या महिन्याचं काही सांगता येत नव्हतं, आणि तमालपत्र मात्र प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात होतं.

याच शोधात आणखी एक तारीख हाती लागली. कनिंगहॅमच्या कोशाच्या चार वर्षं आधी, १९८१ मध्ये, जॉर्ज डोरन यांनी एका व्यवस्थापनविषयक मासिकात ‘स्मार्ट’ उद्दिष्टांची कल्पना मांडली. उद्दिष्ट नेमकं हवं, मोजता येणारं हवं, त्याला मुदत हवी, वगैरे. दरवर्षी अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आम्ही जे रकाने भरतो, त्यांचं मूळ हे. म्हणजे इच्छेचं पान आणि उद्दिष्टाचा फॉर्म, दोन्ही एकाच देशातले आणि एकाच दशकातले. एक जाळायचा आणि एक सबमिट करायचा, एवढाच फरक.

तर ‘प्राचीन’ हा शब्द खोटा का? अगदी तसंही नाही.

पान बोलायचं तेव्हा

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात थिओक्रिटस नावाच्या ग्रीक कवीने एक काव्य लिहिलं. त्यात सिमेथा नावाची एक तरुणी आहे. डेल्फिस नावाचा तिचा प्रियकर कित्येक दिवस फिरकलेला नाही. रात्री चंद्राच्या साक्षीने ती विधी मांडते. थेस्टिलिस ही दासी मदतीला आहे. आगीत सातूचं पीठ पडतं, कोंडा पडतो, मेण वितळतं, आणि लॉरेलची पानं जळतात. ती तडतडतात, भपकन पेटतात आणि राखसुद्धा मागे राहत नाही. डेल्फिसही तसाच जळो, ही तिची इच्छा. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची एक मुलगी ‘त्याला परत आण’ म्हणून पान जाळते आहे. आजच्या रीलमध्येही एक्सला परत आणण्याचं वेगळं व्हर्जन असतंच.

पण त्या जगात पान जाळणं म्हणजे फक्त निरोप पाठवणं नव्हतं. पान उत्तरही द्यायचं. रोमन कवी टिबुलसच्या काव्यात होमातलं लॉरेल नीट तडतडलं तर वर्ष चांगलं जाणार, असा शकुन आहे. आवाज आला नाही, तर अर्थ उलटा. तडतडण्याचं कारण आज सांगता येतं. लॉरेलचं पान जाड, चामड्यासारखं असतं. आत पाणी आणि तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. आचेने वाफ होते, तिला वाट मिळत नाही, आणि पेशी फुटतात. रोमन लेखक प्लिनीला मात्र त्या आवाजात पानाचा निषेध ऐकू आला. लॉरेलला जळणं मान्य नाही आणि ते तसं उघड सांगतं, असं त्याने लिहून ठेवलं.

लॉरेल हे अपोलो देवाचं झाड. डेल्फी इथल्या देवळात त्याची पुजारीण कौल द्यायची. प्लुटार्क हा लेखक स्वतः त्या देवळात पुजारी होता. तिथे महागडे धूप जाळत नसत, लॉरेल आणि सातूचं पीठ जाळत, असं तो सांगतो. राजे आणि नगरं तिथे प्रश्न घेऊन जात. पुढचं ऐकायला मिळेल ते आपल्या सोयीचं असेल, याची कुणालाच खात्री नसे.

त्या काळातही सगळे भाविक नव्हते. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने वनस्पतिशास्त्राचा पाया घातला. त्याने माणसांच्या स्वभावांची छोटी शब्दचित्रंही लिहिली. त्यातला अंधश्रद्धाळू माणूस हात धुऊन, तोंडात लॉरेलचं पान धरून दिवसभर हिंडतो. झाडांचा एवढा मोठा अभ्यासक, आणि त्याने त्या पानाकडे पाहून असं हसावं, हे मला फार आवडलं.

आपलं पान ते नव्हेच

इथे एक तांत्रिक अडचण आहे. कनिंगहॅमच्या कोशातलं, सिमेथाच्या आगीतलं पान म्हणजे भूमध्य सागराकाठचं लॉरेल. आपल्या मसालेभातातलं तमालपत्र वेगळ्या झाडाचं, दालचिनीच्या सख्ख्या भावंडाचं. दोघं एकाच मोठ्या कुळातले, पण चुलत. ओळखायची खूण सोपी आहे. लॉरेलला मधोमध एकच ठळक शीर असते. तमालपत्राला देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन असतात. आत्ताच डबा उघडून बघा.

पण रोमन लोकांना आपलं पानही माहीत होतं. ‘मालाबाथ्रम’ या नावाने ते तिकडे अत्तरात आणि औषधात वापरलं जाई. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गांच्या माहितीपुस्तकात ते केरळच्या बंदरांतून जहाजात चढतं. मुळात ते ईशान्येकडच्या डोंगरांतून येई. नावाची गंमत अशी सांगतात की ग्रीकांनी ‘तमालपत्र’ ऐकलं, सुरुवातीचा ‘त’ म्हणजे आपल्या भाषेतलं ‘ता’ हे उपपद असावं असं समजून तो तोडला, आणि उरलं ‘मालाबाथ्रा’. दोन हजार वर्षांपूर्वीचा पार्सिंग एरर. होरेस या कवीने तर केसांना लावायच्या या तेलाला सीरियाचं म्हटलं, कारण माल तिकडून येताना दिसे.

म्हणजे आपलं पान रोमला जाऊन अत्तर झालं. त्यांच्या पानाचा विधी अमेरिकेतून फिरून आपल्या फोनवर आला, आणि आपण तो आपल्याच पानावर चालवला. मग प्रश्न पडला : आपल्याकडे मनात काही धरताना हातात कोणतं पान असायचं?

करिष्ये

सत्यनारायणाच्या पूजेला आजोबा पाटावर बसायचे. समोर ताम्हन, पळी, पंचपात्री. गुरुजी संकल्प सांगायचे. लहानपणी तो भाग मला सगळ्यात कंटाळवाणा वाटे. आज तोच सगळ्यात ओळखीचा वाटतो. आधी काळ : कल्प, मन्वंतर, युग, शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग स्थळ : जंबुद्वीपापासून सुरू करून गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण बसलो आहोत इथपर्यंत. मग गोत्र आणि नाव. आमच्या सिस्टीममध्ये प्रत्येक नोंदीला वेळ, ठिकाण आणि युजर लागतो, तसंच हे. शेवटी क्रियापद येतं : करिष्ये. मी करीन. आणि तळव्यावरचं पाणी, अक्षता, फूल बोटांवरून ताम्हनात सोडायचं.

त्या संकल्पात आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य अशा मागण्यांची यादीही असते, हे खरं. पण वाक्याचा कर्ता बोलणारा असतो. सिमेथाचं वाक्य ‘तो जळो’ असं आहे. रीलमधलं वाक्य ‘मला मिळो’ असं आहे. संकल्पाचं वाक्य ‘मी करीन’ असं आहे. मराठीत यांसाठी कामना आणि संकल्प असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीतल्या ‘इन्टेन्शन’मध्ये रीलवाल्यांनी दोन्ही एकत्र ओतले.

आजी आजोबांच्या हाताला हात लावून बसायची. वाक्य त्यांच्या नावाने व्हायचं. भल्या पहाटे उठून स्वयंपाक तिनेच केलेला असे, पण करिष्ये म्हणायची पाळी तिची नसे. या बाबतीत सिमेथा पुढे होती. तिचं वाक्य, कसंही असलं, तिचं स्वतःचं होतं.

बाकी पानांचं काम आपल्या वाक्प्रचारांत अजून दिसतं. दान देताना वस्तूवर तुळशीचं पान ठेवून पाणी सोडायचं, म्हणजे ती आता आपली नाही. म्हणून ‘तुळशीपत्र ठेवणं’ आणि ‘पाणी सोडणं’ म्हणजे हक्क सोडणं. खंडोबाचा बेलभंडार, म्हणजे बेलाची पानं आणि हळद, हातात घेऊन शपथ वाहिली जाई. अठराव्या शतकातल्या मराठी राजकारणातही करारमदाराच्या वेळी बेलभंडार येतो. तिथे पान साक्षीदार असतं. आणि वारकऱ्यांची तुळशीची माळ. ती गळ्यात घातली की मांस-मद्य सुटतं, एकादशी येते, वारी येते. या माळेच्या मण्यांवर काही लिहिलेलं नसतं, पण गावात सगळ्यांना माहीत असतं की हा आता माळकरी आहे. चहाच्या टपरीवरसुद्धा चार डोळे त्याच्यावर असतात.

म्हणजे आपल्याकडच्या पानांनी तीन कामं केली. काही सोडायला लावलं, कुणाला तरी साक्षीला बसवलं आणि रोज आठवण करून दिली. ग्रीक-रोमन पानाने आणखी एक केलं : ते ‘नाही’ही म्हणू शकत होतं. रीलमधल्या पानात यातलं काहीच उरलं नाही. किंमत नाही, साक्षीदार नाही, नकार नाही. फक्त मागणी उरली.

दोन बोटांची जागा

तरीही मी या पानाला हसत नाही, आणि त्याला कारण आहे. गेल्या वर्षी माझ्या फ्लॅटमेटची नोकरी गेली. पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि संध्याकाळपर्यंत लॅपटॉप लॉक. त्याने घरी सांगितलं नव्हतं. वडील निवृत्त, बहिणीचं लग्न ठरलेलं. रोज सकाळी तो आंघोळ करून, शर्ट घालून टेबलाशी बसायचा, कारण दुपारी आईचा व्हिडिओ कॉल यायचा. हे सहा आठवडे चाललं.

एका शनिवारी रात्री त्यानेच तमालपत्र काढलं. थट्टा म्हणूनच. ‘काय लिहू?’ म्हणाला. ‘नोकरी मिळो’ लिहायला घेतलं, मग थांबला. पान दोन बोटं रुंद, बॉलपेन शिरांवरून घसरतं. फार तर तीन शब्द मावतात. कोणती नोकरी? पुण्यात की बंगळुरूला? तीन शब्दांत काय मागायचं, यावर आम्ही तासभर बोललो. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच. शेवटी त्याने लिहिलं : ‘बाबांना सांगेन.’

पान गॅसवर धरलं. थोडं तडतडलं, वास सुटला, संपलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्याने बाल्कनीचं दार लावून फोन केला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. ‘बाबा म्हणाले, शर्ट घालून बसायची काय गरज होती रे’, एवढंच सांगितलं. नोकरी मिळायला पुढे अडीच महिने लागले. ती जुन्या सहकाऱ्याच्या रेफरलने मिळाली, आणि त्यात पानाचा काही हात नव्हता. पण ते अडीच महिने त्याने बनियनवर काढले.

गॅब्रिएल ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९१ मध्ये एका सहकाऱ्यासोबत वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. यशाची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन कमी उतरलं. तिच्याच क्षेत्रातल्या पीटर गोलवित्झर यांनी ‘अमुक वेळ आली की मी अमुक करीन’ अशा साध्या वाक्यांचा उपयोग दाखवला. म्हणजे चित्रापेक्षा क्रियापद कामाचं. गुरुजींना हे कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांचं वाक्य बरोबर होतं.

थिओक्रिटसच्या काव्यात डेल्फिस परत येत नाही. दासीला बाहेर पाठवल्यावर सिमेथा एकटी उरते, आणि चंद्राला सगळं पहिल्यापासून सांगते : तो कुठे दिसला, ती कशी आजारी पडली, तो कसा आला, कसा गेला. काव्याचा मोठा भाग हेच सांगण्यात जातो. जाळून झालेल्या पानांकडे ती वळूनही बघत नाही. शेवटी चंद्राला निरोप देते, आणि आजवर सोसलं तसं पुढेही सोसेन असं म्हणते. तिच्या तोंडचं हे असं क्रियापद, ज्याची कर्ती ती आहे आणि ज्यासाठी तिला डेल्फिसची गरज नाही.