हिंद सायकल आणि आप्पांचे आकडे

गावाकडं गोठ्याच्या आढ्याला टांगलेली सायकल धाकट्या भावानं खाली काढली आणि मला फोन केला, "दारात भंगारवाला आलाय. देऊ का?"

मी म्हटलं, "थांब. मी येतो."

आठ दिवसांनी ती सायकल टेम्पोतून चेंबूरला आली. म्हणजे जिथून गेली होती तिथंच परत आली.

दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ती 1962 साली घेतली होती. कंपनी हिंद. मुंबईचीच, वरळीची. मुंबईत सायकली बनायच्या हे आजच्या पोरांना खरं वाटत नाही. इंग्रजी अमलात सायकल म्हणजे विलायती माल. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमची बीएसए आणि हर्क्युलिस. सायकल घ्यायची ती डॉक्टरनं, वकिलानं नाहीतर सावकारानं. वरळीचा हिंदचा कारखाना स्वातंत्र्याआधीच उभा राहिला. मग 1949 साली मद्रासला टीआय, 1951 साली सोनिपतला अ‍ॅटलस, 1956 साली लुधियान्याला हिरो असे कारखाने निघत गेले, आणि हळूहळू कामगाराच्या, शेतकऱ्याच्या दारात सायकल दिसू लागली.

चेंबूरच्या अंगालाही तेव्हाच कारखाने आले. 1954 आणि 1955 साली माहुलला दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. दादा त्यातल्याच एकात फिटर. पाळी सुटली की माहुलच्या रस्त्यानं सायकलींची रांगच्या रांग यायची. त्या काळी सायकलीला कर भरून बिल्ला लावावा लागे आणि रात्री दिवा नसला तर पोलीस अडवायचा. आमच्या हिंदला दोन्ही होतं. दादा दर रविवारी चाळीच्या दारात तिला पुसत बसायचे.

1976 साली गावात दूध डेअरी निघाली. संकलन केंद्र सहा किलोमीटरवर. चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, दोन म्हशी घेतल्या. दादांनी सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि साताऱ्याकडं गावाला नेऊन त्यांच्या हातात दिली. आप्पांनी लोहाराकडून कॅरियरला दोन आकडे ठोकून घेतले, दोन्ही अंगाला दुधाच्या किटल्या अडकवायला. पहाटे चारला उठून पुढची वीस वर्षं त्यांनी त्या किटल्या वाहिल्या. मी तंत्रनिकेतनात शिकलो त्या तीन वर्षांची फी त्या दुधावर निघाली. दादांचा पगार घरभाड्यात आणि खाण्यात जायचा. आप्पांची मनीऑर्डर महिन्याच्या पाच तारखेला यायची. खाली एवढंच लिहिलेलं असायचं, 'पोराला शिकू द्या.'

अशी ही सायकल. आणि पहिली चूक माझ्याच हातून झाली. हौसेच्या भरात मी पॉलिश पेपर घेतला आणि मागच्या मडगार्डचा गंज घासायला बसलो. गंज गेला, त्याबरोबर सोनेरी रेघही गेली. वीतभर. ती आता परत येणार नाही.

मग घाबरून मी ती नाक्यापलीकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं नेली. त्यांनी आधी माझ्या हातातला पेपर काढून घेतला. म्हणाले, "रंग घासायचा नाही, फक्त मळ काढायचा. जे झिजतं ते बदलू. बाकीच्याला हात नको."

त्याप्रमाणे काम सुरू झालं. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर आणि सगळे छर्रे नवे. मागच्या हबात एका बाजूला पाव इंची नऊ, पुढच्या हबात त्याहून बारीक दहा. वाट्या आणि कोन रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरून पाहिले. खड्डे नव्हते, तेच परत बसवले. पॅडलच्या दांड्याची कॉटर पिन मात्र हलेना. मी हातोडा उचलला तर मिस्त्री ओरडले. चार दिवस तिच्यावर रोज तेल सोडलं, खालून लोखंडी नळीचा टेकू दिला, मग एकाच घावात निघाली. हँडलचा गंज चांदीचा कागद पाण्यात बुडवून घासला, तेवढ्यानं निकल पुन्हा चमकलं. रंग उडालेल्या जागी जवसाचं तेल चोळून कोरडं पुसून घेतलं. चाकाची आउट काढली. ब्रेकचे रॉड तेच, चेनकव्हर तेच, घंटीसुद्धा तीच.

अडलं ते आकड्यांवर. मिस्त्री म्हणाले, "साहेब, हे कंपनीचे नाहीत. अस्सल ठेवायची तर हे कापायला पाहिजेत." पुतण्याही म्हणाला, "काका, कापा आणि वरून काळा रंग मारून घ्या. शोरूममधल्यासारखी दिसेल."

मी रात्रभर विचार केला. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे. तिथं उभं राहिल्यावर वाटतं, सायकल कारखान्यात तयार होते तशी ती ठेवावी. हे खरंच आहे. पण आमची सायकल कारखान्यात होती ती थोडे दिवस. दादांकडं चौदा वर्षं आणि आप्पांकडं त्याहून जास्त. आडव्या नळीवर दादांच्या डब्याच्या पिशवीनं पडलेला घट्टा आहे. मागच्या दांड्यांवर दोन्ही अंगाला किटल्या घासून रंग गेलाय, तिथं लोखंड गुळगुळीत झालंय. आप्पांचा एकही फोटो आमच्याकडं नाही. ते जाऊन बावीस वर्षं झाली. आकडे कापून वर रंग मारला असता तर आप्पा घरातून दुसऱ्यांदा गेले असते.

सकाळी मिस्त्रींना सांगितलं, "आकडे राहू द्या." त्यांनी कारण विचारलं. मी मनीऑर्डरचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आकड्यांना तेल लावलं आणि जागेवरच राहू दिले.

हिंदचा कारखाना पुढं अडचणीत आला. 1980 साली कायदा करून सरकारनं हिंद आणि सेन-रॅले दोन्ही ताब्यात घेतल्या, तरी त्या तगल्या नाहीत. वरळीत आता हिंद सायकल रोड एवढं नाव उरलंय. परवा मुद्दाम सायकल घेऊन तिथं गेलो. उंच इमारती, गाड्यांची गर्दी. रस्त्याच्या नावाची पाटी दिसली, तिथं सायकल टेकवली आणि पाणी प्यायलो.

परतताना शीवच्या सिग्नलला एका दूधवाल्यानं मोटारसायकल बाजूला घेतली. आकड्यांकडं बघून म्हणाला, "किती लिटर वाहायची हो ही?"

म्हटलं, "चाळीस. आमचे आप्पा वाहायचे."