दोन लहान चक्रे

फ्रान्समधील दिजाँ येथे १ जुलै १९७९ रोजी झालेली फॉर्म्युला वन शर्यत आजही आठवली जाते ती व्हिलनव्ह आणि आर्नू यांच्या दुसऱ्या क्रमांकासाठीच्या झुंजीमुळे. पहिला आला होता झाँ-पिएर झाबुई, रेनोच्या गाडीत. टर्बो इंजिनाचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय. माझ्या मते त्या दिवसाचा खरा इतिहास तिथे आहे.

नियमानुसार साध्या इंजिनाला तीन लिटर, टर्बोला दीडच. १९७७ साली सिल्व्हरस्टोनला रेनो उतरली, तेव्हा सहाही सिलिंडरांतला जळालेला वायू एकाच मोठ्या टर्बोत जाई. वळणावर पाय उचलला की चक्र मंदावे. पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर ते वेग घेईपर्यंत चालकाला थांबावे लागे.

१९७९ मध्ये दर तीन सिलिंडरांमागे एक, असे दोन लहान टर्बो आले. हिशेब करून पाहू. निम्म्या हवेला चक्राचा व्यास सुमारे ०.७ पट पुरतो. त्याच घडणीच्या चक्राचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. म्हणजे ते सहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. चक्रे दोन झाली, तरी एकूण जडत्व जेमतेम एक तृतीयांश.

विजयाचे सगळे श्रेय या बदलाला देता येणार नाही. गाडीही नवी होती. पण ताकद हवी तेव्हा मिळू लागली, म्हणून ती उपयोगी पडली. इतिहास लिहिताना आपण अश्वशक्तीचे आकडे मांडतो, वाट पाहण्याचा काळ मात्र मोजत नाही.