सुधारगृहाच्या भिंतीआड



आपल्याकडं इतिहास म्हटला की लढाया येतात, सत्याग्रह येतात. कोंडलेल्या पोरांचा इतिहास कुणी लिहीत नाही. मी नववीत शाळा सोडली, पंडितांसारखं लिहिणं मला जमणार नाही. पण आमच्या वस्तीतला एक पोरगा संशयावरून उचलला गेला. तीन महिन्यांनी परत आला, तेव्हा समोरच्यानं नुसतं खुंटीवरचा सदरा काढायला हात वर केला तरी तो डोकं धरून खाली बसायचा. तिथं काय झालं विचारलं की गप्प. त्या गप्प बसण्यानं मला कायद्याची पुस्तकं उघडायला लावली. रात्रपाळी संपवून लायब्ररीत बसलो, त्यातून हाती लागलं ते हे.

सुरुवात १८५० च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यापासून करू. दहा ते अठरा वर्षांची अनाथ, गरीब किंवा किरकोळ गुन्ह्यात सापडलेली पोरं मॅजिस्ट्रेटनं कुणा कारागिराकडं बांधून द्यायची. बघा, अनाथ, गरीब आणि गुन्हेगार एकाच ओळीत बसवले! १८५७ साली मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीतून सुधारशाळा उभी राहिली. १८६४ च्या फटक्यांच्या कायद्यानं पोरांनाही वेताची शिक्षा आली. तीही म्हणे हलक्या वेतानं, शाळेतल्या शिस्तीसारखी. सरकारी कागदावर वेत नेहमी हलकाच असतो. ज्याच्या पाठीवर पडतो त्याला कुणी विचारलं नव्हतं.

पुढं १८९७ चा सुधारशाळा कायदा. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला तुरुंगाऐवजी तीन ते सात वर्षं सुधारशाळेत ठेवता येई. ऐकायला दयाळू. पण हिशेब करा. मोठ्या माणसाला ज्या चोरीसाठी काही महिने, त्याच चोरीसाठी पोराला निदान तीन वर्षं. का? तर ही शिक्षा नाही, ही सुधारणा आहे! सुधारणेला मोजमाप नसतं, हीच खरी गोम.

आता त्याच १८९७ सालचा दुसरा कागद वाचा. गुन्हेगार जमाती कायद्यात दुरुस्ती झाली. चार ते अठरा वर्षांची पोरं आईबापापासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. गुन्हा काय? जन्म. १९११ ला हा कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू झाला, तेव्हा वय चाराचं सहा केलं. एवढीच काय ती माणुसकी.

१९२४ साली पुन्हा तीच गंमत. मुंबई इलाख्यात बालकांचा कायदा झाला. पोरांसाठी वेगळं कोर्ट पाहिजे, त्यांना मोठ्या कैद्यांत टाकू नये, असं तो म्हणत होता. आणि त्याच वर्षी गुन्हेगार जमाती कायदा नव्यानं पक्का झाला. त्यात सहा वर्षांचं पोर काहीही न करता उचलायची सोय तशीच ठेवली. एका देशात, एका सालात पोरांचे दोन प्रकार. एक चुकलेलं पोर, दुसरं चुकीच्या घरात जन्मलेलं. मनुस्मृती निराळं काय सांगत होती?

मुंबई इलाख्यातल्या कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी अशा जमाती तारेच्या आत कोंडल्या गेल्या. सोलापुरात त्या जागेला लोक अजून सेटलमेंटच म्हणतात. तिथली माणसं सोलापूरच्या गिरण्यांत हजेरी देऊन राबली. गिरणीवाल्यांना हुकमी मजूर मिळाला. मी स्वतः साच्यावर उभा राहतो, म्हणून हे वाचताना माझा हात थांबला.

काही कार्यकर्ते म्हणतात, ते वेगळे, आपण वेगळे. त्यांना एक आठवण देतो. १९३० साली अहवाल देणाऱ्या स्टार्ट कमिटीवर बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांची, आदिवासींची आणि भटक्यांची दुःखं एकाच अहवालात मांडली गेली. याद्या वेगळ्या झाल्या खऱ्या, पण लॉकअप सगळ्यांचं एकच राहिलं.

३१ ऑगस्ट १९५२ ला गुन्हेगार जमाती कायदा देशभर संपला. १९५५ ला फटक्यांची शिक्षा कायद्यातून गेली. पण पोरं तुरुंगात राहिलीच. १९८२ मध्ये कानपूरच्या तुरुंगातल्या मुलांवर मोठ्या कैद्यांकडून अत्याचार होतात, अशा बातम्यांवरून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. मग मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरच्या तुरुंगांतल्या सोळा वर्षांखालच्या पोरांसाठी अर्ज केला. १९८६ साली कोर्टानं बजावलं की पोरांची जागा तुरुंगात नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तपास तीन महिन्यांत आणि खटला सहा महिन्यांत संपला नाही, तर केस बंद. दिरंगाईला कंटाळून १९८८ मध्ये बाईंनी अर्ज मागं घ्यायचं ठरवलं, तेव्हा कोर्ट म्हणालं, हा खटला आता तुमचा एकटीचा नाही, पोरांचा आहे. तो पुढं चालला.

१९८६ चाच बालन्याय कायदा, मग २००० चा, मग २०१५ चा. मारहाण थांबली ती पहारेकऱ्याला दया आली म्हणून, असं मला कुठं सापडलं नाही. बाहेरचं माणूस आत शिरलं, त्यानं विचारलं, लिहिलं, तेव्हा काही हललं.

म्हणून आजचा कायदा पाठ करा. पोराला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांत बालन्याय मंडळापुढं उभं करायचं. आईबापाला कळवायचं. शाळेचा दाखला वयाचा पहिला पुरावा, तो घरात जपून ठेवायला सांगा, नसेल तर शाळेतून काढून आणा. संस्थेतल्या माणसानं पोराला छळलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. दर तीन महिन्यांनी तपासणी समितीनं आत जायचं, त्यात एक बाई आणि एक डॉक्टर पाहिजे. आपल्या जिल्ह्यात ही समिती शेवटची कधी गेली, पोरांशी एकटं बोलली का, हे लेखी विचारा. उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारा.

याच कायद्यात २०१५ साली एक वाकडी वाट निघाली. घोर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या पोराला मोठ्यांसारखं कोर्टात उभं करता येतं. तिथं कुणाची पोरं वकिलाशिवाय उभी राहतील, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या वस्तीतला तो पोरगा अजून त्या तीन महिन्यांबद्दल बोललेला नाही. त्या दिवशी त्याच्या आईबरोबर चौकीत जायला आम्ही कुणी नव्हतो. पुढच्या वेळी असू.

जयभीम.