सातगाव पठारावरचा पावसाळी बटाटा

परभणीसारख्या जिल्ह्यांतील चिकट काळ्या मातीत बटाट्याचा कंद नीट पोसत नाही. मराठवाड्यातील उष्ण रात्रीही त्याला मानवत नाहीत. त्यामुळे तेथील शेतकरी ज्वारी, कापूस व सोयाबीनकडेच वळतो. राज्यात बटाट्याचे नाव निघाले की पुणे जिल्हा आठवतो, आणि त्यातही आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार.

उत्तर भारतात बटाटा हिवाळ्यात पिकतो. पेठ, कुरवंडी, भावडी, कारेगाव आदी गावांच्या या पठारावर मात्र तो पावसाच्या भरवशावर घेतला जातो. उंचीवरील थंड हवा आणि निचऱ्याची जमीन हे त्यामागील कारण. जून-जुलैत वाफसा येताच लागवड सुरू होते. पारंपरिक रीतीत बैलांचे औत तास पाडीत पुढे जाते आणि मागून घरातील स्त्रिया बेणे टाकीत जातात. पुढे मातीची भर द्यावी लागते. उघडे पडलेले बटाटे उन्हाने हिरवे होऊन खाण्यास अयोग्य ठरतात. सुमारे तीन महिन्यांत पीक काढणीला येते.

खरी जोखीम आहे ती बेण्याची. हेक्टरी 15 ते 20 क्विंटल बेणे लागते. घरचे बेणे वर्षानुवर्षे वापरता येत नाही, कारण मावा किडीमार्फत पसरणारे विषाणू कंदात साठत जातात आणि उत्पन्न घटते. म्हणून पंजाबातील जालंधर भागातून आलेले बेणे मंचरच्या बाजारात दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. हिवाळ्यात बेणे कापून लावता येते; पावसाळ्यात कापलेली फोड ओल्या मातीत सडण्याचा धोका असल्याने अखंड बटाटाच बरा, आणि तेथे खर्च आणखी वाढतो. एवढे करून पावसाने ओढ दिली किंवा ढगाळ हवेत करपा आला, तर पहिला फटका बेण्यात घातलेल्या पैशालाच बसतो.

रब्बी बटाट्यासाठी या परिसरात 'आरण' रचण्याची जुनी पद्धत आहे. झाडाच्या सावलीत बटाट्यांचा ढीग करून तो गवत, पाचटाने झाकतात. भाव वाढेपर्यंत माल काही आठवडे थांबतो. पाकोळीची अळी लागली की नासाडी होते. शीतगृहाचे भाडे न परवडणाऱ्याला हाच आधार.

अलीकडच्या काळात वेफर्ससाठीची करारशेतीही पठारावर आली. कळमोडी धरणाचे पाणी येथवर आणावे, अशी मागणीही होत आली आहे.