एक्स्टर्नल डिस्कवरील बॅकअप : कॉपीतील अडथळे

संगणकातील फाइलींचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घेताना कॉपी मध्येच थांबते, काही फाइली वगळल्या जातात किंवा कॉपी झालेली फाइल नंतर उघडत नाही. दोष मूळ डिस्कमध्ये, जोडणीत किंवा नव्या डिस्कमध्ये असतो. अडलेली फाइल आधी त्याच संगणकावर दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून पाहावी. तिथेही अडली, तर मूळ डिस्क संशयित. विनाअडथळा गेली, तर केबल आणि नवी डिस्क तपासावी.

फॉरमॅट : पुण्यात स्वारगेटच्या गणेश कला क्रीडा मंचातील दोन-तीन तासांच्या कार्यक्रमाची एकसंध व्हिडिओ फाइल सहज ४ जीबीच्या वर जाते. फॅट३२ फॉरमॅटच्या डिस्कवर एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी एवढी असल्याने, शेकडो जीबी जागा मोकळी असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. उपाय एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटचा. मात्र फॉरमॅट बदलताना डिस्कवरचे सगळे पुसले जाते. एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण जादा सॉफ्टवेअरशिवाय तिच्यावर लिहिता येत नाही.

फाइलींची नावे : मराठीत नावे देणाऱ्यांना हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. ‘स्वारगेट’ या शब्दात काना, मात्रा व हलन्त चिन्ह धरून ८ युनिकोड चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणजे शब्दाचे २४ बाइट झाले. लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये नावाची मर्यादा २५५ बाइटांची, म्हणून देवनागरी नाव ८५ चिन्हांपुढे जाऊ शकत नाही. एनटीएफएसवर तेच नाव २५५ चिन्हांपर्यंत चालते. ‘पत्र कुणाचे?’ असे प्रश्नचिन्हाचे नाव लिनक्सवर चालते, विंडोजवर चालत नाही. फोल्डरात फोल्डर करत गेल्यास विंडोजच्या अनेक प्रोग्रॅमना २६० चिन्हांची पथमर्यादाही आडवी येते. बाहेरच्या फोल्डरांची नावे आखूड केली की काम होते.

‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एकच चिन्ह म्हणून किंवा ‘र’ व नुक्ता अशा जोडीनेही साठवता येते. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत ते जोडीने ठेवते, विंडोजवर ते बहुधा एकच चिन्ह असते. त्यामुळे एकाच बॅकअपमध्ये ‘कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर दिसू शकतात. त्यांतला एक जादा समजून पुसू नये. आतल्या फाइली आधी ताडून पाहाव्यात.

जोडणी : डिस्क सारखी सुटून पुन्हा जोडली जात असेल, तर वीज अपुरी पडत असण्याची शक्यता मोठी. यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर, तर ३.० मधून ९०० मिलिअँपिअर प्रवाह मिळतो. हब काढून, आखूड केबलने डिस्क थेट संगणकाला जोडावी. गाडी पकडायच्या घाईतही ‘इजेक्ट’ केल्याशिवाय डिस्क ओढू नये. शेवटच्या फाइली तेव्हा मेमरीतच असू शकतात.

मूळ डिस्कचा बिघाड : ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ हा संदेश किंवा डिस्कमधून टकटक आवाज आला, की दुरुस्तीचा ‘चेकडिस्क’ लगेच चालवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक होय. मरणासन्न डिस्कवर त्याने ताण वाढतो. आधी अत्यावश्यक फाइली काढाव्यात. लिनक्सवरील डीडीरेस्क्यू चांगला भाग आधी उचलते, खराब भागाकडे नंतर वळते. विंडोजची रोबोकॉपी आज्ञा मूळ मांडणीत अडलेल्या फाइलसाठी १० लाख वेळा, दर वेळी ३० सेकंद थांबून प्रयत्न करते. प्रयत्नांची संख्या कमी न केल्यास एकाच फाइलपायी रात्र जाते.

पडताळणी : फाइलींची संख्या व एकूण आकार जुळला तरी आतला मजकूर शाबूत असेलच असे नाही. दोन्हीकडच्या फाइलींचे एसएचए-२५६ चेकसम ताडावेत. निदान काही मोठ्या फाइली नव्या डिस्कवरून उघडून पाहाव्यात.

प्रत ठेवण्याची जागा : १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबिल ओढ्याच्या पुराने सहकारनगर, अरण्येश्वर भागांतील घरे बुडाली. दोन्ही प्रती एकाच कपाटात असतील, तर अशा वेळी एकही उरत नाही. दुसरी डिस्क वेगळ्या वस्तीत, शक्यतो नात्यातल्या कुणाच्या घरी, उंचावर ठेवावी. ही दूरची प्रत पेनड्राइव्हवर नको, कारण वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास त्यातील साठा विरू शकतो.