मातीचा गोळा आणि दगड

मल्लविद्येचा इतिहास बहुधा विजयांच्या रूपाने सांगितला जातो. कोणी कोणाला चीत केले, कोणत्या दरबारात कोणाला फेटा बांधला गेला, कोणाची गदा कोणी पटकावली, याच्या कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. परंतु प्रत्येक तालमीच्या इतिहासात आणखी एक प्रकरण असते, आणि त्याची वाच्यता फारशी होत नाही. ऐन उमेदीतल्या पठ्ठ्याचा खांदा एखाद्या पटात निखळतो, हात गळ्यात बांधला जातो, आणि तो हौद्याच्या काठावर येऊन बसतो. तेथून पुन्हा मातीत उतरेपर्यंतचे त्याचे दिवस कसे गेले, कोणाच्या सल्ल्याने गेले, यावर त्याचे पुढील सारे आयुष्य अवलंबून असते. व्यायामविद्येचे खरे शहाणपण पाहावयाचे असेल, तर ते या काठावर पाहावे.

या शोधासाठी जबलपूरसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. नर्मदेकाठच्या या प्रदेशात मराठी सत्ता 1781 मध्ये सागरकरांच्या हातून आली, शतकाच्या अखेरीस ती नागपूरकर भोसल्यांकडे गेली आणि 1817 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ती संपुष्टात आणली. राज्य गेले, पण मराठी कुटुंबे राहिली. त्यामुळे दख्खनची तालीम आणि उत्तरेचा आखाडा यांचा शब्दसंसार येथे शेजारी शेजारी नांदतो. एकाच्या तोंडी जोर, तर दुसऱ्याच्या तोंडी दंड. एकाचा मुद्गल, तर दुसऱ्याचा मुगदर. एकाचा वस्ताद, तर दुसऱ्याचा उस्ताद. शब्द निराळे असले तरी माती एकच, आणि खांदाही एकच. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट्टदादा देवधरांनी पुन्हा उभा केलेला मलखांब दुसऱ्या बाजीरावाबरोबर ब्रह्मावर्तापर्यंत गेला आणि उत्तरेत रुजला. ज्या मध्य प्रदेशात जबलपूर आहे, त्या राज्याने 2013 मध्ये मलखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला, ही त्या प्रवासाचीच एक परिणती होय.

आता ज्या अवयवाभोवती हा सारा विषय फिरतो, त्याची रचना थोडी पाहिली पाहिजे. मांडीचे हाड कमरेच्या खोल उखळीत बसलेले असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा मात्र अगदी उथळ खोबणीवर टेकलेला असतो. त्यामुळेच माणसाचा हात डोक्यावरून, पाठीमागून, छातीसमोरून, सर्व दिशांनी फिरतो. निसर्गाने येथे स्थैर्य देऊन स्वातंत्र्य विकत घेतले आहे. त्या माथ्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम खोबणीच्या कडेचा कूर्चेचा काठ, सांध्याभोवतीचे वेष्टन आणि चार लहान स्नायू यांच्याकडे असते. छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू आरशात दिसतात. हे चार दिसत नाहीत. पडताना मल्लाने हात पसरून जमिनीवर टेकला, की देहाचा सारा भार त्या उथळ खोबणीवर येतो आणि माथा बहुतेक वेळा पुढच्या बाजूस निसटतो. शरीरातील मोठ्या सांध्यांत सर्वाधिक वेळा निखळणारा सांधा तो हाच.

ही आपत्ती फार जुनी आहे, आणि तिच्यावरचा विचारही तितकाच जुना आहे. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेचे स्वतंत्र प्रकरण आहे. सांधा निखळण्याचे सहा आणि हाड मोडण्याचे बारा प्रकार सुश्रुताने सांगितले आहेत. खांदा निखळला असता काखेखाली मुसळ देऊन ती वर उचलावी आणि माथा जागेवर बसल्यावर स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधावा, असे त्याचे सांगणे आहे. ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेला सांध्यांवरील ग्रंथ तर खांद्यापासूनच सुरू होतो. त्यात काखेत टाच रोवून हात ओढण्याची रीत आहे, आणि मुसळासारख्या दांड्यावरून खांदा बसविण्याचीही रीत आहे. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन वैद्यपरंपरांनी स्वयंपाकघरातील एकाच वस्तूकडे हात नेला, हा योगायोग मोठा बोलका आहे. त्याच ग्रीक ग्रंथात आणखी एक निरीक्षण आहे. काही माणसांचा खांदा एकदा निखळला की पुन्हा पुन्हा निखळू लागतो, आणि मग त्यांना ईर्ष्येच्या खेळांचा त्याग करावा लागतो. मल्लाच्या दृष्टीने खरे संकट ते हेच. पहिली दुखापत दैवाची असते. दुसरी पुष्कळदा घाईची असते.

सुश्रुताचे मोठेपण सांधा बसविण्याच्या कौशल्याइतकेच त्यानंतरच्या काळाविषयीच्या विचारात आहे. तारुण्यात सांधा एका महिन्यात स्थिर होतो, मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो, असा हिशेब त्याने दिला आहे. तोवर व्यायाम करू नये, हेही त्याने स्पष्ट सांगितले आहे. परंतु तो तेथेच थांबत नाही. तळहात मोडलेल्या रुग्णाविषयी बोलताना तो म्हणतो की, आधी मातीच्या गोळ्यासारखा मऊ पिंड हाती धरावा आणि हाताला बळ आल्यावरच दगड धरावा. हा उपदेश तळहातापुरता आहे खरा. पण त्यातील तत्त्व साऱ्या देहाला लागू पडणारे आहे. दगड उचलून बळ येते हे कोणीही सांगेल. बळ येईल तसा दगड हाती द्यावा, हे सांगण्यास वैद्य लागतो. निरोगी माणसानेही व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच करावा, असे याच ग्रंथात अन्यत्र सांगितले आहे. जोरांच्या संख्येवर पैजा लावणाऱ्यांना ते पचणे कठीण जाते.

आखाड्याची साधने पाहिली, तर हाच क्रम त्यांच्या घडणीत उतरलेला दिसतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने रचविलेल्या मानसोल्लासात मल्लांच्या श्रमांचे वर्णन आहे. त्यात भार उचलण्याचा श्रम आहे, चालण्याचा आहे, पाण्यात पोहण्याचा आहे, बाहूंचा आहे आणि स्तंभावरचाही आहे. मुद्गलाचे उदाहरण तर फारच बोधप्रद आहे. हलका मुद्गल खांद्यामागून फिरविताना सांध्याच्या सर्व दिशा क्रमाने उघडतात, आणि ते लपलेले चार स्नायू जागे होतात. जोडी जड होत जाते तसा खांदा अधिक सावध होत जातो. खिळे लावलेला करेला हाती येतो तो अगदी शेवटी, कारण तेथे चुकीला क्षमा नाही. हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हा प्रकार उचलला. एकोणिसाव्या शतकात तो इंग्लंड-अमेरिकेच्या व्यायामशाळांत पसरला, आणि 1904 व 1932 च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरविण्याची स्पर्धाही झाली.

वैद्याचा हात आणि वस्तादाचा डोळा एकाच माणसात एकवटला, तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण बडोद्यात सापडते. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांच्या नावाने चालणाऱ्या व्यायाममंदिराची धुरा पुढे राजरत्न प्रो. माणिकराव यांच्याकडे आली. संघव्यायामाचे प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव महाराष्ट्रास परिचित आहे. हाडे बसविण्यातील त्यांचे प्रावीण्यही तितकेच प्रसिद्ध होते. अशा गुरूकडे सांधा बसविणे आणि शिष्याला पुन्हा उभे करणे ही दोन निराळी कामे राहत नाहीत. ज्याने हाड बसविले, तोच उद्या कोणता मुद्गल हाती द्यावयाचा हे ठरवितो. आणि ज्याने कुस्ती शिकविली, त्यालाच कोणता पेच अजून वर्ज्य आहे हे कळते. 1907 ते 1910 या काळात त्यांच्याजवळ शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून विख्यात झाले. त्यांनी 1924 मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांची परीक्षा क्ष-किरणांच्या व मापनयंत्रांच्या साहाय्याने करण्यास आरंभ केला. गुरूच्या तालमीतील अनुभवाला शिष्याने प्रयोगशाळेचे दार उघडून दिले, असे म्हणता येईल.

तथापि परंपरेचा गौरव करताना तिच्या उणिवांवर पांघरूण घालणे योग्य नव्हे. प्रत्येक हाडवैद्य माणिकराव नसतो. निखळलेल्या खांद्यासोबत हाडही मोडलेले असले, आणि ते न पाहता हात ओढला गेला, तर शिरा किंवा मज्जातंतू दुखावून हात कायमचा अधू होण्याचे भय असते. फार आवळून बांधलेल्या पट्ट्यांनी रक्तप्रवाह अडून हात गमावल्याचे प्रकारही घडतात. 1895 मध्ये राँटगेनने क्ष-किरणांचा शोध लावला, आणि त्वचेखालचे हाड प्रथमच ओढण्यापूर्वी पाहता येऊ लागले. 1923 मध्ये लंडनच्या बँकार्ट या शल्यविशारदाने वारंवार निखळणाऱ्या खांद्याचे मर्म सांगितले. खोबणीच्या पुढील काठाची कूर्चा एकदा उखडली, की माथ्याला अडविणारा बांधच फुटतो. मग कितीही जोर मारले तरी तो बांध आपोआप उभा राहत नाही. तेथे शस्त्रक्रियाच उपयोगी पडते. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूंत हा धोका सर्वांत मोठा असतो, म्हणजे नेमका त्याच वयात, ज्या वयात थांबण्याचा उपदेश सर्वांत अप्रिय वाटतो. जबलपुरात वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते 1955 मध्ये. अशा संस्था गावोगावी झाल्यापासून निखळलेल्या खांद्याने आधी क्ष-किरणांच्या खोलीत जावे आणि मग तालमीत यावे, हाच शहाणपणाचा क्रम होय.

मात्र रुग्णालयाचे काम संपते तेथे तालमीचे काम सुरू होते, ही गोष्ट आजही पालटलेली नाही. झोळी निघाल्यावर आधी हाताची हालचाल परत मिळवावयाची, मग लहान स्नायूंना हलक्या भाराची सवय लावावयाची, मग जोर, मग मलखांब, आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याची अनपेक्षित ओढ. शेवटची पायरी वरकरणी पहिल्या चारांसारखीच दिसते, पण ती निराळी आहे. मुद्गल आपण फिरवू तसा फिरतो. प्रतिस्पर्धी तसा फिरत नाही. म्हणून वजन पूर्ववत उचलता आले, म्हणजे कुस्तीला खांदा तयार झाला असे होत नाही. दुखऱ्या हाताची गती आणि बळ धडधाकट हाताच्या बरोबरीस आले की नाही, आणि पडताना मन दचकते की नाही, या दोन कसोट्या दिनदर्शिकेपेक्षा अधिक विश्वासार्ह आहेत. हे महिन्यांचे काम आहे.

परतण्याचा अर्थही दर वेळी एकच नसतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचा कमरेखालचा भाग निकामी झाला. मुष्टियुद्धाचे रिंगण कायमचे मिटले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि खांद्यांच्या व बाहूंच्या बळावर पोहू लागले. 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे त्यांनी अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. मानसोल्लासकर्त्याने मल्लाच्या श्रमांत पोहण्याची गणना केली होती, तिचे सार्थक आठशे वर्षांनी असे झाले. ज्याचे जुने दार बंद झाले, त्याला दुसरे दार दाखविणे हेही वस्तादाचेच काम.

हौद्याच्या काठावर हात गळ्यात बांधून बसलेल्या पठ्ठ्याला हा सारा इतिहास ठाऊक नसतो, आणि तो असण्याची जरुरीही नाही. त्याला एवढेच कळावे की, काठावरचे दिवस हे विद्येबाहेरचे दिवस नव्हेत. तेही तालमीचेच दिवस आहेत. नागपंचमीच्या दंगलीत उतरण्याचा मोह आवरणे हा त्या दिवसांतला सर्वांत कठीण डाव असतो, आणि तो जिंकणाऱ्यासाठी कोणी हलगी वाजवीत नाही. पण पुढील वीस वर्षांच्या कुस्त्या त्याच एका डावावर उभ्या असतात. हाती मातीचा गोळा आहे तोवर दगडाकडे पाहू नये, आणि दगड पेलण्याइतके बळ आले की मातीच्या गोळ्याला धरून बसू नये. या दोहोंमधली वेळ ओळखणारा गुरू ज्याला लाभला, त्याचा खांदा पुन्हा भार पेलू लागतो.