ओल आणि लाख

बंद पाकिटाला आपण ‘लाखोटा’ म्हणतो. आतला मजकूर परक्या डोळ्यांपासून राखण्यासाठी लाखेची मुद्रा उठवीत, त्यावरून तो शब्द आला. पण हीच लाख तारायंत्राच्या पोटात शिरून विजेचीही राखण करीत होती, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

पुणतांब्याची कथा सांगणारे चांगदेवांच्या समाधीपासून आरंभ करतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र १८७८ साल गाठले पाहिजे. त्या साली दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला आणि रुळांच्या सोबतीने तारेचे खांब गोदातीरी आले. नगर जिल्हा अवर्षणाचा. इथे ओलीचे कसले भय, असे कोणी म्हणेल. परंतु वर्षाचा पाऊस किती इंच, याच्याशी यंत्राला कर्तव्य नसते. श्रावणातली एक दमट रात्र त्याला पुरते.

ओशॉनेसी याने १८५१ साली कलकत्त्याहून डायमंड हार्बरकडे तार नेली, तेव्हा जमिनीखालच्या भागाला डांबरात भिजवलेले कापड गुंडाळले होते. यंत्रातल्या बारीक वेटोळ्यांना असले जाड पांघरूण कसे चालावे? तिथे पळस, बोर, कुसुंब यांवरच्या किड्यांची लाख मद्यार्कात विरघळवून तिचा हात देत. म्हणजे विलायती यंत्राची कातडी आपल्या रानातली!

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आणि न्यू गिनीच्या जंगलांत बिनतारी संच दमटपणाने आणि बुरशीने मुके होऊ लागले. मग बुरशीनाशक मिसळलेली रोगणे निघाली. १९४७ साली मँचेस्टरला श्वार्त्स नावाच्या रसायनज्ञाला तापवलेल्या वाफेतून नळीच्या थंड भागात जमलेला, सापाच्या कातेसारखा पापुद्रा सापडला. त्यातून १९६५ च्या सुमारास गोरॅम याने ‘पॅरिलीन’ चढविण्याची व्यवहार्य रीत दिली. निर्वात पेटीत वाफ सोडायची. ती फटीफटींत शिरून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, किंवा त्याहूनही पातळ, बसते. ब्रशने दिलेला रंग कडेवरून ओघळतो, तसे हिचे होत नाही.

पण एवढ्यावर भुलू नये. असे कोणतेही लेपण पाण्याच्या वाफेला सर्वस्वी अडवीत नाही. थोडी आत झिरपतेच. लेप पृष्ठाला घट्ट चिकटलेला असला, तर तिला थेंब होऊन बसायला जागा मिळत नाही, एवढेच त्याचे खरे काम. खाली डाकाच्या वेळचा क्षार राहिला असेल, तर तो ओल ओढून घेतो, लेपाला फोड येतात आणि तांबे आतल्या आत हिरवे पडते. आपल्या कल्हईवाल्याला हे मर्म ठाऊक होते. भांडे तापवून, नवसागराने पुसून लखलखीत केल्याखेरीज तो कथील लावीत नसे. माझ्या मते या साऱ्या इतिहासात रसायनापेक्षा त्या पुसण्याला अधिक मान दिला पाहिजे.

आज पुणतांब्याच्या परिसरात ऊस आणि मका उभे आहेत, आणि विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीत इलेक्ट्रॉनिक पट्टी बसली आहे. ती बंद पडली की पाण्याची पाळी चुकते. पुष्कळ जण पेटीवर प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधतात. पाऊस थांबतो खरा. पण दिवसा कोंडलेली वाफ रात्री थंड होते, आणि पहाटे पेटी उघडावी तो पत्र्याच्या आतल्या अंगाला दव असते. त्यापेक्षा पिशवी खालून मोकळी ठेवावी.